स्पॅनिशमध्ये स्वतःबद्दल सांगताना 'येबो'च्या या चुका टाळा

'मी दोन वर्षांपासून स्पॅनिश शिकतोय.' हे वाक्य पहिल्या ओळखीतच लागतं आणि तिथेच बहुतेकांची गाडी घसरते. स्पॅनिश माणूस म्हणतो, 'येबो दोस आन्योस आप्रेन्दिएन्दो एस्पान्योल'. 'येबो' हे 'येबार'चं 'मी'साठीचं रूप, आणि 'येबार' म्हणजे नेणं, वाहणं. आधी येबो, मग काळ, मग 'आन्दो' किंवा 'इएन्दो' लागलेलं क्रियापद. मध्ये काही घुसवायचं नाही.

तरी लोक काळाआधी 'पोर' (इंग्रजीतलं 'फॉर') घुसवतातच, कारण वाक्य आधी मनात इंग्रजीत जुळवलेलं असतं. मराठीत आपण 'शिकतोय' म्हणतो, सरळ वर्तमानकाळ. स्पॅनिशमध्येही वर्तमानकाळच. मग हा इंग्रजीचा वळसा कशाला?

मी स्वतः याहून मोठा घोळ घातलाय. ऑनलाइन सरावात माद्रिदच्या एका बाईंना ऐटीत सांगितलं, 'एस्तुदिए एस्पान्योल दोस आन्योस'. त्यांनी विचारलं, 'पोर के लो देखास्ते?' मला त्यातलं 'पोर के', म्हणजे 'का', एवढंच कळलं. का शिकतोस असंच विचारत असणार, असं धरून ठोकून दिलं, 'पोर्के मे गुस्ता मुचो', मला फार आवडतं म्हणून! त्या दोन मिनिटं हसत होत्या. प्रश्न होता, का सोडलंस? 'एस्तुदिए' म्हणजे शिकलो, संपलं. चालू असलेली गोष्ट मीच भूतकाळात पुरून आलो होतो.

दुसरी चूक खास आपली. 'पासून' आपल्याला दोन्हीकडे चालतं: 2019 पासून, दोन वर्षांपासून. स्पॅनिशमध्ये 'देस्दे 2019' बरोबर, पण 'देस्दे दोस आन्योस' चूक. मुदत सांगायची तर 'देस्दे आसे दोस आन्योस' (स्पेनमध्ये बऱ्याच ठिकाणी 'आथे' ऐकू येईल). 'येबो' वापरलंत तर ही भानगडच नाही, म्हणून मी तेच वापरतो.

नकाराला 'सिन' (शिवाय) आणि मूळ क्रियापद: 'येबो दोस आन्योस सिन फुमार', दोन वर्षं सिगारेट ओढलेली नाही. 'नो फुमान्दो' नको.

नुसतं 'आहे' म्हणायचं तर 'एस्तान्दो' (असणं) लावू नका. तासभर इथे आहे: 'येबो ऊना ओरा आकी'.

भूतकाळात 'येबाबा'. 'येबे' नाही.

ॲपमध्ये रोज पाच मिनिटं टिचक्या मारून हे तोंडात बसत नाही. बसलं असं वाटतं, तेवढंच. मी दात घासून झाले की आरशासमोर तीन खरी वाक्यं म्हणतो: या घरात किती वर्षं राहतोय, हे काम किती दिवस करतोय, नीट झोपून किती दिवस झाले. तिसऱ्याला 'सिन' लागतो, दुर्दैवाने रोजच.

आणि मेक्सिकोतला कुणी 'येबो'ऐवजी 'तेन्गो दोस आन्योस आप्रेन्दिएन्दो' म्हणाला, तर त्याला सुधारायला जाऊ नका. तिकडे तसंच म्हणतात.