एमएसडब्ल्यूला आलाय, तर आधी रेकॉर्डिंगचं बघा

समाजकार्याच्या या पदव्युत्तर पदवीला कुठलं स्पेशलायझेशन बरं, केसवर्क (एकेका माणसाबरोबरचं काम) कुठे संपतं आणि समुपदेशन कुठे सुरू होतं, रूरल कॅम्पला काय काय न्यावं, हे सगळं सीनियर सांगतीलच. मला लिहायचंय ते फिल्डवर्कच्या रेकॉर्डिंगबद्दल, म्हणजे तिथे केलेल्या कामाच्या लेखी नोंदींबद्दल. दोन वर्षांत सगळ्यात जास्त कंटाळा त्याचाच येतो आणि पुढे मुलाखतीत नेमकं तेच आडवं येतं. मी स्वतः अजून कंत्राटावर आहे. दर मार्चमध्ये मुदतवाढीचं पत्र येतंय की नाही याची धाकधूक असते. तेव्हा हे कुणा यशस्वी बाईचं मार्गदर्शन समजू नका.

आठवड्यातले दोन दिवस फिल्ड, मग त्याचा रिपोर्ट, मग सुपरवायझरबरोबर आयसी, म्हणजे त्या रिपोर्टवर दोघांनीच बसून चर्चा, असं ते चक्र. पहिल्या महिन्यातच कुणा सीनियरची फाइल हातात पडते आणि तिची भाषा आपोआप आपल्या पेनात उतरते. 'प्रशिक्षणार्थी सकाळी दहा वाजता संस्थेत पोहोचली. वॉर्डमध्ये फेरी मारून रुग्णांशी संवाद साधला. एका रुग्णाच्या पत्नीला शासकीय योजनेची माहिती देऊन तिचे समुपदेशन केले. सदर महिलेने सकारात्मक प्रतिसाद दिला. पाच वाजता प्रशिक्षणार्थी संस्थेतून निघाली.' तास भरले, सही झाली, मार्क पडले. असे रिपोर्ट मी ढिगाने लिहिलेत. मेख अशी आहे की त्यात धडधडीत खोटं काही नसतं. म्हणून कुणी अडवत नाही आणि आपल्यालाही काही खटकत नाही.

वॉर्डात त्या दिवशी काय झालं होतं ते सांगते. बाईचा नवरा डायलिसिसवर. मी योजनेचं पत्रक काढलं आणि कुठली कागदपत्रं लागतील ते धडाधड सांगितलं. बाई मान हलवत राहिली. रेशनकार्डाचा विषय निघाला तशी तिने पत्रकाची घडी घातली, उलगडली, परत घातली आणि म्हणाली, "ताई, हे घरी फोनवर तुम्ही सांगाल का?" मी म्हटलं, "तुम्हीच सांगा ना, सोपं आहे." ती म्हणाली, "बघते." रिपोर्टात याचा झाला 'सकारात्मक प्रतिसाद'.

शेवटच्या सेमिस्टरला सुपरवायझर बदलल्या. नव्या मॅडमनी माझी फाइल चाळली आणि त्यातला कुठलाही एक रिपोर्ट निवडून समोरचा माणूस नेमका काय बोलला होता ते आठवून लिहायला सांगितलं. मी हीच केस लिहिली. वाचून त्यांनी एवढंच विचारलं, "फोन कुणाला लावायचा होता?" मला माहीत नव्हतं. रेशनकार्ड कुणाच्या ताब्यात होतं? बाईला वाचता येत होतं का? नवऱ्याचं दुखणं किती मोठं आहे हे सासरी कुणाला माहीत होतं का? सगळी केस तिच्या त्या एका प्रश्नात होती. 1957 सालची, बिस्टेक या लेखकाने मांडलेली केसवर्कची सात तत्त्वं तुम्हीही पाठ कराल, त्यात क्लायंटचा स्वयंनिर्णयाचा हक्क आहेच. परीक्षेत मी 'तुम्हीच सांगा ना' हे वाक्य त्या तत्त्वाचं उदाहरण म्हणून खपवलंही असतं. घरात जिच्या शब्दाला किंमत नाही तिच्यावर निर्णय सोपवून आपण मोकळे झालो, तर त्याला स्वयंनिर्णय म्हणत नाहीत, अंग काढून घेणं म्हणतात.

पुढे बालसंरक्षणात काम करणाऱ्या एका संस्थेत मुलाखत होती. थिअरीचा एकही प्रश्न आला नाही. "एखादी केस सांगा," एवढंच. मी सांगायला लागले तशी समोरून सुरुवात झाली: मुलगा काय म्हणाला? त्यावर तुम्ही काय विचारलंत? तेच का विचारलंत? तो गप्प बसल्यावर काय केलंत? बॅगेत दोन वर्षांच्या जाडजूड फायली, आणि माणसाच्या तोंडची वाक्यं शोधायला गेलं तर फक्त शेवटच्या सेमिस्टरमधली. काम झालेलं असतं हो, पण ते कागदावर नसलं की वर्षभरात डोक्यातूनही पुसलं जातं.

आता हे टाळायचं कसं. प्रोसेस रेकॉर्डिंग, म्हणजे झालेला संवाद जसाच्या तसा लिहून काढणं, सिलॅबसमध्ये आहेच, पण बहुतेक ठिकाणी ते एखाद-दुसऱ्या केसपुरतं करून घेतात. तुम्ही दर आठवड्याला करा. सगळ्या दिवसाचं नको, जीव जाईल. दहा मिनिटं निवडा, आणि तीही आपल्याला काय बोलावं ते सुचलं नाही अशी. पान उभं दुमडा. डावीकडे ती काय म्हणाली, मी काय म्हणाले, जसंच्या तसं, तिच्याच बोलीत. 'आर्थिक अडचण असल्याचे सांगितले' नको. ती 'हातात काय बी न्हाई' म्हणाली असेल तर तेच लिहा. उजवीकडे त्या वेळी आपल्या मनात काय चाललं होतं ते: घाई, राग, बस चुकेल ही काळजी, समोरच्या माणसाची आलेली किळससुद्धा. ते लिहायला लाज वाटते, पण आयसीत खरी चर्चा उजव्या बाजूवरच होते. तळाशी सुपरवायझरला विचारायचा एक प्रश्न. एकच.

आणि लिहायचं त्याच रात्री. एक झोप झाली की आपलं डोकं तो संवाद नीटनेटका करायला घेतं. विचारायला हवा होता तो प्रश्न आपण विचारलाच होता असं मनापासून वाटायला लागतं. माणसासमोर वही उघडून बसू नका, पोलीस जबाब घेतायत असं वाटून तो मिटतो. बाहेर आल्यावर जिन्यात उभं राहून चार शब्द टिपा, बाकीचं घरी. रिपोर्टात 'मार्गदर्शन केले' किंवा 'जनजागृती केली' असं काही आलं की खाली स्वतःच लिहा, 'म्हणजे काय केलं?' उत्तर देता आलं नाही तर ते वाक्य खोडा.

कुणी म्हणेल, नोकरीत कोण संवाद लिहीत बसतंय. खरंय, तिथे सारांशच मागतात. पण तो सारांश कुणासाठी असतो ते बघा. 2015च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक बालकल्याण समितीपुढे आलं की त्याची सामाजिक तपासणी 15 दिवसांत पुरी करायची असते. विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या, बालकाचा अहवाल बाल न्याय मंडळाकडे दोन आठवड्यांत जायचा असतो. मूल घरी जाणार की संस्थेत, हे ठरवताना तो कागद वाचला जातो. 'कुटुंबाची परिस्थिती हलाखीची आहे' या ओळीवरून कोण काय ठरवणार? आई कामावरून किती वाजता येते, तोवर मूल कुणाकडे असतं, शेजारीण काय सांगते आणि आजी काय सांगत नाही, हे त्यात यावं लागतं. कॉलेजात पाट्या टाकल्या तर मार्क जातात, इथे एखाद्या मुलाचं वर्ष जाऊ शकतं.

एक ताकीद, तीही सक्त. रेकॉर्डमध्ये खरं नाव, पत्ता, फोन नंबर लिहायचा नाही. कॉलेजच्या फायली हातोहात फिरतात, माझ्याकडे सीनियरची फाइल आली ती तशीच. बाल न्याय कायद्याचं कलम 74 मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं. 2017च्या एचआयव्ही कायद्यानेही कुणाला लागण आहे हे त्याच्या संमतीशिवाय सांगायला बंदी आहे, अपवाद अगदी मोजके. वॉर्डातला सेल्फी स्टेटसला टाकणाऱ्यांशी मला बोलायचंच नाही. आणि एखादं मूल "कुणाला सांगू नका हं" म्हणून काही सांगायला लागलं तर तसं वचन देऊ नका. लैंगिक अत्याचाराची गोष्ट निघाली तर 2012च्या पॉक्सो कायद्याखाली ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. त्याच दिवशी, तिथल्या तिथे एजन्सी सुपरवायझरला, म्हणजे फिल्डवर्कच्या संस्थेतल्या सुपरवायझरला, गाठा आणि माहिती पुढे गेली की नाही याचा पाठपुरावा करा. एकट्याने पोटात ठेवू नका.

वाचून धसका घेतला असेल तर घेऊ नका. सुरुवातीचे काही आठवडे नुसते बाकड्यावर बसून राहिलात, कुणाशी काय बोलावं कळलं नाही, तरी काही बिघडत नाही. सगळ्यांचं तसंच होतं, फक्त रिपोर्टात कुणी लिहीत नाही. मराठी माध्यमातून आलेल्यांना तर मी उलटच सांगेन. वर्गात इंग्रजी प्रेझेंटेशन देणारे पुढे असल्यासारखे वाटतात, पण वस्तीतली बाई काय म्हणाली ते जसंच्या तसं कागदावर उतरवणं तुम्हाला जमतं, त्यांना बऱ्याचदा नाही. विद्यापीठ परवानगी देत असेल तर रेकॉर्ड मराठीतच लिहा. इंग्रजी लागतं, डोनरचे (निधी देणाऱ्यांचे) अहवाल आणि ईमेल त्यातच असतात, पण ते सरावाने येतं. त्यापायी संवाद मोडक्या इंग्रजीत लिहून त्याचा जीव घालवू नका.

मेंटॉर शोधायचं हल्ली फार फॅड आहे. माझं मत विचाराल तर त्या नादी लागू नका. ज्या मॅडमचा रिपोर्ट लाल होऊन परत येतो म्हणून सगळे घाबरतात, त्यांच्याकडे नंबर लागला तर नशीब समजा. न वाचता सही करणाऱ्या सरांबद्दल मुलं दोन वर्षं कौतुकाने बोलतात. प्लेसमेंटला सरकारी रुग्णालय मिळालं तर तिथल्या समाजसेवा अधीक्षकांच्या टेबलाजवळ बसून नुसतं ऐका. बिल माफीचा अर्ज घेऊन आलेल्या माणसाला त्या पहिला प्रश्न काय विचारतात, इथूनच शिकायला सुरुवात होते. काही संस्था विद्यार्थ्यांना फुकटचे सर्व्हेवाले समजतात. महिनाभर नुसते फॉर्म भरायला आणि कार्यक्रमाचे फोटो काढायला लावलं, तर गप्प न बसता आयसीत लेखी मांडा. एजन्सी बदलून मिळते. उशीर केला की सेमिस्टर संपतं.

पुढच्या वाटांबद्दल थोडक्यात. मानसिक आरोग्यात जायचं असेल तर आताच समजून घ्या, 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात सायकियाट्रिक सोशल वर्करची व्याख्या दिलेली आहे आणि त्यात एमएसडब्ल्यूनंतर दोन वर्षांचं पूर्णवेळ एमफिल येतं. शनिवार-रविवारच्या समुपदेशन सर्टिफिकेटवर तिथे पोहोचता येत नाही, कितीही गोड जाहिरात असली तरी. अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्यात 2011 साली दुरुस्ती झाली तेव्हापासून प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयांना समन्वयक नेमावा लागतो. मेडिकल स्पेशलायझेशनवाल्यांनी हे काम जरूर बघावं. मेंदूमृत रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलायचं असतं, तिथे ऐकण्याचा सगळा कस लागतो. सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक कामातल्या नोकऱ्यांचं, आकर्षण सगळ्यांना असतं. 2013च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारावरच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, त्यामुळे जागा निघतात, पगारही बरा असतो. मात्र दिवस जातो तो एक्सेल, ऑडिट आणि भेटींच्या अहवालात. ते आवडत असेल तर त्यात कमीपणा काहीच नाही. शिकवायचं असेल तर नेट ही पात्रता परीक्षा आहे, समाजकार्य हा त्यात स्वतंत्र विषय आहे.

स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी हॉस्टेल मिळावं म्हणून एमएसडब्ल्यूला येणारे प्रत्येक बॅचमध्ये असतात. त्यांचं त्यांना लखलाभ, पण त्यांच्याबरोबर ग्रुपवर्कची जोडी लावून घेऊ नका. सेशनच्या दिवशी मुलं तुमची वाट बघत बसतात आणि जोडीदार अभ्यासिकेत असतो.

शेवटची ब्लॉक प्लेसमेंट, म्हणजे एका संस्थेत सलग पूर्णवेळ काम, जिथे नोकरी करावीशी वाटते तिथेच मागा, आणि कॉलेज देईल तेव्हा देईल म्हणून न थांबता आधीच्या सेमिस्टरमध्येच संस्थेला पत्र टाका. मुलाखतीला जाताना सगळ्या फायली नेऊ नका. ओळख पटणार नाही अशा केलेल्या दोन-तीन प्रोसेस रेकॉर्डिंग न्या. त्यातली एक फसलेल्या केसची असू द्या, तिच्यावरच जास्त वेळ बोलणं होतं. नेमणूक होत असेल तर पत्र हातात पडल्यावर प्रकल्पाची मुदत किती, पीएफ आहे का, फिल्डचा प्रवासखर्च वेगळा की पगारातूनच, आणि केस अडली तर विचारायचं कुणाला, हे चारही मुद्दे लेखी मागून घ्या. "ते बघू आपण नंतर" असं उत्तर आलं तर दुसरीकडचा अर्ज मागे घेऊ नका.