एक फायबर जोडणी, तीन-चार संगणक: केबल, स्विच आणि जुना राउटर कसा जोडावा

फायबर येते हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी. संगणक असतात वरच्या मजल्यावर: एक अभ्यासाच्या टेबलावर, एक घरून काम करणाऱ्याच्या खोलीत, एखादा जुना डेस्कटॉप हिशोबासाठी. मधे स्लॅब. स्लॅबमधल्या सळ्या आणि नऊ इंची विटांच्या भिंती ५ गिगाहर्ट्झच्या वायफायचा जीव काढतात. २.४ गिगाहर्ट्झचे वायफाय वर पोचते खरे, पण तिथे सगळ्या बिल्डिंगच्या राउटरांची गर्दी असते.

अशा वेळी बहुतेक जण दुकानातून रिपीटर, म्हणजे वायफायचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारे यंत्र, आणतात. आणू नका. साधा रिपीटर ज्या रेडिओवर ऐकतो त्याच रेडिओवर तेच पुन्हा पाठवतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. त्यात तो अशक्त सिग्नलच्या जागी लावला, की निम्म्याचाही निम्मा. जो संगणक जागचा हलत नाही त्याला केबल द्यावी आणि वायफाय फोन-लॅपटॉपसाठी मोकळे ठेवावे. एक दिवसाची खटपट आहे, पण पुढची कित्येक वर्षे बघावे लागत नाही.

आधी मोजमाप. फायबरच्या डब्यापासून (कंपनीने बसवलेल्या राउटरपासून) जिन्याच्या कडेने वरच्या खोलीपर्यंत सुतळी धरून अंतर मोजा आणि दोन्ही टोकांना एकेक मीटर जादा धरा. एका सलग केबलची मर्यादा १०० मीटर आहे, घरात ती कधी आड येत नाही. कॅट-५ई केबलही १ जीबीपीएस (म्हणजे १००० एमबीपीएस) वेगाला पुरते. नवी ओढायचीच आहे तर कॅट-६ घ्या. मात्र निखळ तांब्याची घ्या. स्वस्त केबलमध्ये तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार असते आणि बाहेरून ती अगदी तांब्यासारखीच दिसते. एक तार सोलून ब्लेडने हलकेच खरवडा. आत चंदेरी दिसली तर ती केबल परत करा. दोन-चारदा वाकवली की ती तुटते, आणि जॅकमध्ये (केबलच्या टोकाच्या प्लगमध्ये) महिन्या-दोन महिन्यांनी ढिली पडते.

वर दोन-तीन संगणक असतील तर प्रत्येकाला खालून वेगळी केबल नको. एकच केबल वर न्या आणि तिथे ५ पोर्टचा (केबल खोचायच्या ५ जागांचा) गिगाबिट स्विच ठेवा. हा विजेचा स्विच नव्हे; एका केबलवर अनेक संगणक जोडणारा छोटा डबा. त्यात काही सेटिंग करावे लागत नाही, वायर लावली की चालू. खोक्यावर ‘१०/१००/१०००’ लिहिलेले आहे ना, ते पाहून घ्या. नुसते ‘१०/१००’ असेल तर तो १०० एमबीपीएसच्या पुढे जाणार नाही.

केबल विजेच्या वायरिंगच्या पाइपातून ओढू नका. वेगळी पट्टी मारा, विजेच्या वायरीपासून वीतभर दूर ठेवा, आणि ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. फायबरची बारीक वायर तर अजिबात दुमडू नका. ती कपाटामागे दाबली गेली की आतला प्रकाश गळतो आणि डब्यावर लाल दिवा लागतो.

आता जॅक. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून सावकाश करा. बाहेरचे आवरण सुमारे ३ सेंटिमीटर सोला. चार जोड्यांचे पीळ सोडवून तारा बोटांनी सरळ करा आणि डावीकडून या क्रमाने लावा: पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. जॅकची खिट्टी खाली आणि सोनेरी पट्ट्या वर, असा धरून हा क्रम आहे. सगळ्या तारा एका रेषेत सव्वा सेंटिमीटरवर कापा आणि जॅकमध्ये पुढच्या भिंतीला टेकेपर्यंत सारा. समोरून पाहिले की आठ चकचकीत ठिपके दिसले पाहिजेत. बाहेरचे आवरणही जॅकच्या आत गेले पाहिजे, म्हणजे ओढ तारांवर न येता आवरणावर येते. मग क्रिम्पिंग टूलने (जॅक दाबून बसवायच्या पकडीने) पूर्ण दाबा. दुसऱ्या टोकालाही हाच क्रम, आणि शेवटी केबल-टेस्टरवर (दोन्ही टोके लावून तारा तपासणाऱ्या यंत्रावर) १ ते ८ दिवे ओळीने लागले पाहिजेत.

इंटरनेट चालू झाले म्हणजे केबल बरोबर झाली असे समजू नका. १०० एमबीपीएसला चारच तारा लागतात, १ जीबीपीएसला आठही. उरलेल्या चारांपैकी एखादी तार बसली नाही, तर नेट चालते पण निमूटपणे १०० वर येते. विंडोजमध्ये सेटिंग्ज, नेटवर्क, इथरनेट इथे लिंक स्पीड पाहा. १००० च्या जागी १०० दिसले, तर आधी जॅक पुन्हा मारा, कंपनीला फोन नंतर.

वरच्या मजल्यावर वायफायही हवे असेल, तर घरात पडलेला जुना राउटर उपयोगी येतो. इथे एकच गोष्ट पक्की धरायची: घरात पत्ते वाटणारा एकच असावा. खालचा डबा प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता देतो, त्यालाच डीएचसीपी म्हणतात. जुना राउटरही पत्ते वाटू लागला की अर्ध्या घराला एकाकडून, अर्ध्याला दुसऱ्याकडून पत्ते मिळतात, आणि नेट कधी चालते, कधी नाही. म्हणून:

१. जुना राउटर रीसेट करा आणि लॅपटॉप त्याला एकट्यालाच केबलने जोडा. खालच्या डब्याला अजून जोडू नका.
२. त्याचा लॅन पत्ता (घरातल्या नेटवर्कवरचा त्याचा स्वतःचा पत्ता) बदला. दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर टक्कर होते; जुन्याला १९२.१६८.१.२ द्या. खालच्या डब्याची मालिका १९२.१६८.० ची असेल, तर त्याच मालिकेतला मोकळा पत्ता घ्या.
३. डीएचसीपी बंद करा.
४. वायफायचे नाव आणि पासवर्ड खालच्यासारखेच ठेवा, पण २.४ गिगाहर्ट्झचा चॅनल वेगळा: खाली १, तर वर ६ किंवा ११.
५. आता स्विचची केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये लावा. निळ्या किंवा वेगळ्या रंगाच्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरून इंटरनेट घेण्याच्या जागेत) नाही.

सेटिंगमध्ये ‘अॅक्सेस पॉइंट मोड’ असेल तर ही बरीच कामे तोच करतो. वॅन पोर्टमध्ये केबल लावली तरी नेट चालते, आणि फसगत होते ती तिथेच. त्या राउटरला जोडलेल्या यंत्रांचे वेगळेच नेटवर्क तयार होते, मग खालून त्यावरचा प्रिंटर दिसत नाही, सामायिक फोल्डर उघडत नाही. पोर्ट बरोबर असूनही प्रिंटर दिसला नाही, तर विंडोजमध्ये ते नेटवर्क ‘प्रायव्हेट’ आहे का पाहा.

संगणकाला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर पत्ता वाटणाऱ्यापर्यंत तो पोचलेलाच नाही. केबल आणि स्विच तपासा. सगळ्या घराचे नेट एकदम बसले आणि स्विचचे सगळे दिवे वेड्यासारखे लुकलुकू लागले, तर कुणीतरी एकाच वायरची दोन्ही टोके त्याच स्विचमध्ये खोचली आहेत. एक टोक काढा, क्षणात सुरळीत होईल.

शेजारच्या घरात किंवा अंगणापलीकडच्या खोलीत तांब्याची केबल हवेतून नेऊ नका. पावसाळ्यात जवळपास वीज पडली की त्या केबलवरून येणाऱ्या धक्क्याने दोन्हीकडचे पोर्ट जळतात. तिथे फायबरच टाकून घ्या.

शेवटचे काम विजेचे. वीज गेली आणि खालचा डबा मिनी यूपीएसवर (छोट्या बॅटरीच्या डब्यावर) असला, तरी वरचा स्विच बंद पडला की वरचे सगळे संगणक बाहेर. दोन्हीकडे सोय हवी. अॅडॉप्टर मात्र अदलाबदल करू नका: राउटर बहुधा १२ व्होल्टचा असतो, लहान स्विच ५ किंवा ९ व्होल्टचा, आणि पिन दोघांत सारखीच बसते. १२ व्होल्ट लागले की ५ व्होल्टचा स्विच तिथेच जातो. प्रत्येक अॅडॉप्टरवर मार्करने यंत्राचे नाव लिहा. मग मेन स्विच पाडून पाहा: खालचा डबा, वरचा स्विच आणि वरचा राउटर, तिघांचेही दिवे चालू राहायला हवेत.