एक मिलीत किती? नर्सिंगच्या मुलांना हिशोब शिकवताना

पहिल्या तासाला फळ्यावर काहीच लिहू नका. बावीस वर्षं मी रत्नागिरीत एएनएम आणि जीएनएम या नर्सिंगच्या कोर्सच्या मुलींना शिकवलं, आता वृद्धसेवेचा कोर्स करणाऱ्या मुलामुलींना शिकवते. दर वर्षी कुणीतरी हळूच सांगतंच, "मॅडम, माझं गणित कच्चं आहे." हीच मुलगी एप्रिल-मे महिन्यात घरी आंब्याच्या पेट्या भरते. पाच डझनी चाळीस पेट्यांत फळं किती, दलाली आणि गाडीभाडं जाऊन हातात काय उरेल, हे ती पेंढा पसरता पसरता सांगते. वर्गात मात्र "हवा तो डोस भागिले आहे तो डोस गुणिले मिली" असं सूत्र समोर आलं की तिचा हात थांबतो. घाबरलेल्या मुलीकडून सूत्रातलं वरचं खाली जातं, आणि उत्तर चुकलंय हे सूत्र सांगत नाही.

म्हणून मी सूत्र शेवटी देते. त्याआधी एकच प्रश्न, रोज, प्रत्येक औषधाला: एक मिलीत किती? पाचवी-सहावीत शिकलेली एकमान पद्धतच ही.

सुरुवात पॅरासिटामॉलने करा. तीन बाटल्या टेबलावर ठेवा: पाच मिलीत १२५ मिलीग्रॅमचं सिरप, पाच मिलीत २५० चं, आणि एका मिलीत १०० मिलीग्रॅमचे थेंब. आकडे मराठीत मोठ्याने म्हणायला लावा. सव्वाशे, अडीचशे, शंभर. आपल्या पावकी-सवायकीच्या भाषेत हे आकडे फार सोपे होतात. "पाच मिलीत सव्वाशे, तर एकात?" पंचवीस. बाळ दहा किलोचं, डॉक्टरांनी किलोला १५ मिलीग्रॅम सांगितलंय, म्हणजे दीडशे. दीडशेत पंचवीस किती वेळा? सहा मिली. दुसऱ्या बाटलीतून तीन. थेंबांच्या बाटलीतून दीड.

इथे थांबा, पुढे पळू नका. तीन सिरिंजमध्ये पाणी भरून सहा, तीन आणि दीड मिली शेजारी शेजारी ठेवायला सांगा. एकच बाळ, एकच डोस, आणि तीन वेगळ्या पातळ्या. मग विचारा, थेंबांच्या बाटलीतून सहा मिली दिले तर? सहाशे मिलीग्रॅम, चौपट. वर्ग एकदम गप्प होतो. घरी आई थेंबांची बाटली सिरपसारखी चमच्याने मोजते तेव्हा हेच घडतं, आणि उद्या तिला समजावून सांगायचं काम याच मुलींचं आहे.

सिरिंजच्या रेघा वेगळ्या शिकवाव्या लागतात. आमच्याकडे मिळणाऱ्या दोन मिलीच्या सिरिंजवर बारीक रेघ ०.१ ची असते, पाच मिलीच्या सिरिंजवर ०.२ ची. पाच मिलीच्या सिरिंजवर एकच्या पुढची तिसरी रेघ मुली १.३ वाचतात, असतात १.६. नवीन सिरिंज हातात आली की दोन मोठ्या आकड्यांमधली घरं आधी मोजायची, ही सवय लावा. मी पहिले दोन आठवडे याशिवाय दुसरं काही घेत नाही.

इन्सुलिनवर पूर्ण तास द्या. आपल्याकडे एका मिलीत ४० युनिट असलेल्या बाटल्या सर्रास आहेत, त्यांची सिरिंज लाल टोपणाची. १०० युनिटवाल्या इन्सुलिनची केशरी टोपणाची. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी रात्रपाळीत माझ्या ट्रेमधल्या लाल सिरिंजा संपल्या होत्या. मी केशरी उचलली, ४० च्या बाटलीतून वीसच्या खुणेपर्यंत भरलं आणि टोचलं. शंभरच्या सिरिंजवर वीस म्हणजे ०.२ मिली. एका मिलीत चाळीस, तर ०.२ मिलीत आठ. आजींना वीसऐवजी आठ युनिट गेले. सकाळी साखर चढलेली, डोस वाढवायचं ठरत होतं, तेवढ्यात कचऱ्याच्या डब्यात मला केशरी टोपण दिसलं. मी लगेच सांगितलं. न सांगता राहिले असते, तर वाढवलेला डोस रात्री लाल सिरिंजने पूर्ण गेला असता. ही गोष्ट मी प्रत्येक वर्गाला सांगते आणि उलटा हिशोब त्यांच्याकडून करून घेते: १०० ची बाटली, लाल सिरिंज, वीसची खूण. अर्धा मिली, म्हणजे पन्नास युनिट. अडीचपट.

मायक्रोग्रॅम आणि मिलीग्रॅम शिकवायला इथे विंचवाइतकं चांगलं उदाहरण नाही. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध उपयोगी पडतं, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिलं, १९८६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी ते मांडलं. कोकणातल्या बहुतेक मुलांनी घरात कुणाला तरी विंचू चावलेला पाहिलाय, त्यामुळे लक्ष लागतं. लहान मुलाला किलोला ३० मायक्रोग्रॅम. पंधरा किलोचं पोर, ४५० मायक्रोग्रॅम. समजा गोळी १ मिलीग्रॅमची आहे, मग किती गोळी? दर वेळी कुणीतरी मायक्रोचं मिली करून ४५० मिलीग्रॅम लिहितं. रागावू नका. विचारा, "म्हणजे पोराला साडेचारशे गोळ्या?" चूक तिची तिलाच दिसते. हजार मायक्रोग्रॅमचा एक मिलीग्रॅम, तर ४५० मायक्रोग्रॅम म्हणजे ०.४५ मिलीग्रॅम, जेमतेम अर्धी गोळी. शून्य लिहायलाच लावा. नुसतं ".४५" लिहिलं की टिंब पुसटतं.

म्हणूनच आकडेमोडीच्या आधी अंदाज वहीत लिहून घ्या. अर्धी गोळी, एक, की दोन? उत्तर अंदाजापासून लांब गेलं तर सिरिंज खाली ठेवायची आणि दुसरीला बोलवायचं.

सलाइनसाठी खिडकीच्या गजाला बाटली टांगा, खाली बादली. पावसाळ्यात वीज जाऊन पंप बंद पडला की थेंब मोजूनच सलाइन चालवावी लागते, म्हणून सेकंदकाटा असलेलं घड्याळ हवंच. ५०० मिली सहा तासांत: तासाला साधारण ८३, मिनिटाला १.४ मिली. सलाइनच्या नळीच्या, म्हणजे सेटच्या, पाकिटावर २० थेंबांचा एक मिली लिहिलं असेल तर मिनिटाला २८ थेंब, म्हणजे पंधरा सेकंदांत सात. पंधराचा सेट असेल तर २१. साठचा मायक्रो सेट असेल तर ८३, म्हणजे तासाचे मिली तेच मिनिटाचे थेंब. हे मुलींना स्वतः सापडू द्या. सापडतं तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

वृद्धसेवेच्या मुलांना डोस काढायचे नसतात, पण पाणी मोजायचं असतं. लिटरभराचं बंधन असलेल्या आजोबांना दिवसात काय काय जातं? पेज, चहा, सोलकढी, गोळीबरोबरचं पाणी. प्रत्येकाला घरचं फुलपात्र आणि वाटी आणायला सांगा, मापाने पाणी ओतून मिली काढा आणि बाहेरून चिकटपट्टी लावा. कुणाचं फुलपात्र १५० चं निघतं, कुणाचं २५० चं. ओआरएसचंही तसंच: मोठं पाकीट एक लिटरचं, छोटं २०० मिलीचं, आणि मोठ्यातली चिमूट पेल्यात टाकायची नाही.

आता तोंडी सांगितलेल्या आकड्यांचा प्रश्न. "एकोणपन्नास" ऐकून ५९ लिहिलेलं मी असंख्य वेळा पाहिलंय, "त्रेपन्न"चं "त्रेसष्ट" होतं. फोनवर किंवा पाळी बदलताना नाडी, साखर, डोस सांगताना आकडा पूर्ण म्हणायचा आणि मग सुटा: एकोणपन्नास, चार-नऊ. ऐकणारीने तसाच परत म्हणायचा. सरावाला दोघींना पाठीला पाठ लावून बसवा. एकीच्या हातात बाटली आणि लेबल, दुसरीच्या हातात सिरिंज. बघायचं नाही, फक्त ऐकायचं आणि भरायचं. मग वळून दोघींनी एकाच रेघेवर बोट ठेवायचं.