अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या डायपरसाठी ओलीचा बजर: घरी कसा बांधायचा

मोठ्यांच्या बऱ्याच डायपरवर बाहेरून एक पिवळी रेघ असते. ओल लागली की ती निळी होते. पाहायला कुणी जवळ असेल तर तेवढं पुरतं, उगाच खर्च करू नका. बजर लागतो तो रात्री, पांघरुणाखाली, आणि ज्यांना ओल कळत नाही किंवा सांगता येत नाही त्यांच्यासाठी: लकवा, मणक्याची दुखापत, स्मृतिभ्रंश. घरचे सगळे वावरात असतील तर बजर वाजून उपयोग नाही. लहान मुलांसाठी हे बांधू नका. सेल आणि बटणं तोंडात जातात. पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

लघवीत क्षार असतात, म्हणून तिच्यातून वीज वाहते. कोरड्या थरात दोन तारांमधला रोध कित्येक कोटी ओहम असतो, ओल आली की तो काही हजारांवर येतो. यंत्राने एवढंच ओळखायचं आहे.

फीत

पॉलिस्टरची २५ मिलिमीटर रुंद, ३५ सेंटिमीटर लांब रिबीन घ्या. सुती पट्टी नको, ती ओल धरून ठेवते. तिच्यावर स्टेनलेस स्टीलच्या वाहक धाग्याच्या दोन समांतर शिलाया मारायच्या, मधलं अंतर १२ मिलिमीटर. वाहक धागा शिलाई मशीनच्या सुईत ओवू नका, तिथे तो पिंजतो आणि तुटतो. तो बॉबिनमध्ये भरा, वर साधा पॉलिस्टर धागा घाला आणि वरचा ताण थोडा सैल ठेवा. मग वाहक धागा फक्त खालच्या बाजूने सरळ बसतो. ती बाजू डायपरकडे आणि गुळगुळीत बाजू अंगाकडे ठेवायची. वरच्या टोकाला दोन टिचबटणं लावा, प्रत्येक धागा आपापल्या बटणात गुंतवा. ॲल्युमिनियम फॉइलने पैसे वाचतात, पण तिच्या कडा कापतात. नाजूक कातडीजवळ ती नकोच.

डायपरच्या पुढच्या भागात, कमरेजवळ, आतल्या पांढऱ्या थराला ३ सेंटिमीटरची आडवी चीर द्या. बाहेरच्या प्लास्टिकला धक्का लावू नका, नाहीतर गळेल. फीत त्या थराखाली सरकवा आणि चिरेवर कागदी चिकटपट्टी लावा. टिचबटणं कमरेबाहेर राहिली पाहिजेत. फीत पाठीकडे कधीच नेऊ नका. माकडहाडाखाली पातळ घडीसुद्धा जखम करते.

टोक किती खोल जातं त्यावर बजर कधी वाजेल ते ठरतं. उताणा झोपलेल्या माणसाची लघवी आधी खाली आणि मागे जाते. टोक मधोमध नेलं तर पहिल्याच लघवीला आवाज येईल; कमरेकडे आखूड ठेवलं तर डायपर बराच भरल्यावर. जखम असेल तर पहिली पद्धत धरा. महागाचा डायपर एका लघवीला फेकणं परवडत नसेल आणि कातडी चांगली असेल तर दुसरी.

पेटी

अट्टायनी८५व्ही (प्रोग्राम भरता येणारी छोटी चिप), दोन पेन्सिल सेलचा होल्डर, २२० किलोओहमचे दोन रोधक, २.२ मेगाओहमचा एक, १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर, बीसी५४७ ट्रान्झिस्टर, १ किलोओहमचा रोधक, ३ व्होल्टचा बजर. चिपच्या नावातला ‘व्ही’ महत्त्वाचा: ही चिप १.८ व्होल्टपर्यंत चालते, साधी २.७ला थांबते.

चिपच्या पायांना पीबी०, पीबी१ अशी नावं आहेत. पीबी० पासून २२० किलोओहममधून पहिल्या बटणाकडे, पीबी१ पासून दुसऱ्या २२० किलोओहममधून दुसऱ्या बटणाकडे. दुसऱ्या बटणाची तार पीबी४ला जोडा आणि तिथून ऋण टोकाकडे कपॅसिटर लावा. बजर पीबी३वरून, १ किलोओहम आणि बीसी५४७मार्फत. हे दोन मोठे रोधक कमी करू नका. त्यांच्यामुळे अंगाजवळ कमाल प्रवाह ७ मायक्रोअँपिअरच्या आसपास राहतो. वैद्यकीय उपकरणांच्या मानकात अशा डीसी प्रवाहाची नेहमीची मर्यादा १० आहे. यंत्र सेलवरच चालवायचं. चार्जर, पॉवर बँक, काही जोडायचं नाही.

प्रोग्राम असा: पीबी० चालू, पीबी१ शून्यावर, २० मिलिसेकंद थांबा, पीबी४वरचं व्होल्टेज वाचा (चिप ते ० ते १०२३ मधल्या आकड्यात देते). लगेच दिशा उलटवून पुन्हा २० मिलिसेकंद, मग दोन्ही शून्यावर आणि ३२ सेकंद झोप. उलटवणं टाळलं तर प्रवाह एकाच दिशेने जात राहतो, धागा गंजतो आणि कडेला दाहक रसायनं साठतात. कपॅसिटर विसरला तर वाचन नाचतं, कारण एवढ्या मोठ्या रोधातून चिपला पुरेसा विद्युतभार मिळत नाही.

आता २.२ मेगाओहमचा रोधक. तो फितीवर, दोन्ही टिचबटणांच्या मधे जोडा आणि ग्लूने झाका. पूर्ण कोरड्या फितीवर आकडा ८५च्या आसपास येईल. शून्याजवळ आला तर तार तुटली किंवा बटण निघालं. त्यासाठी वेगळा, दोनदा टिकटिक असा आवाज ठेवा. हा रोधक नसेल तर तुटलेली तार आणि कोरडा डायपर सारखेच दिसतात आणि रात्रभर शांतता राहते. ओलीसाठी उंबरठा ३५०. सलग तीन वाचनं वर गेली तरच वाजवा. चिंब फितीवर आकडा ५००पर्यंत जाऊन तिथेच थांबतो, म्हणून लघवी किती झाली ते त्यावरून काढू नका.

तपासणी

१ लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ. या द्रावणाचे १५० मिलिलिटर एका वेळी, पंधरा मिनिटांनी पुढचे. साध्या पाण्याने तपासू नका. आरओच्या पाण्यात क्षार नसल्यासारखेच असतात, त्यामुळे खऱ्या लघवीचा अंदाज येत नाही. वर डायपरमधली पावडर अशा पाण्यात मिठाच्या पाण्याच्या कितीतरी पट फुगते आणि डायपर आहे त्यापेक्षा दमदार वाटतो. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी गावागणिक वेगळं, त्याचाही भरवसा नाही.

मे महिन्यात घाम आणि कुलरची दमट हवा यांनी आकडा चढतो. रोध दहा लाख ओहम झाला तर तो २००च्या आसपास येतो, म्हणजे उंबरठा अजून लांब आहे. तरीही खोटा बजर वाजत असेल तर आधी फीत बघा: नीट न धुतलेल्या फितीवर क्षाराचा थर बसतो आणि तो हवेतली ओल ओढतो.

शौचाचं मात्र हे यंत्र सांगत नाही. पातळ असेल तर वाजेल, घट्ट असेल तर नाही. वासासाठी एमक्यू१३५सारखे गॅस सेन्सर सुचवले जातात. त्यांचा हीटर ५ व्होल्टवर सुमारे १५० मिलिअँपिअर ओढतो, पेन्सिल सेल लवकर संपतात आणि चुलीचा धूर, फिनाईल यांनाही तो दाद देतो. त्यापेक्षा ठरलेल्या वेळी हात लावून पाहणं बरं. बजर असला तरी दर चार तासांनी बघायचंच.

डायपर काढताना आधी फीत ओढून घ्या. थंड पाण्यात, साध्या साबणाने चिकटलेला जेल चोळून काढा आणि उन्हात वाळवा. ब्लीच नको, क्लोरीन स्टीलला खातो. धुतल्यावर प्रत्येक धागा मल्टीमीटरवर टोकापासून टोकापर्यंत मोजा; आधीपेक्षा रोध बराच वाढला असेल तर धागा आतून तुटत चाललाय, नवी फीत शिवा. वापरलेला डायपर कागदात गुंडाळून वेगळा ठेवा. उकिरड्यात टाकला तर त्यातलं प्लास्टिक आणि जेल शेणखताबरोबर वावरात पोचतं.