आपत्तीची तयारी, जाड शरीराच्या मापाने

पूर, वादळ, भूकंप किंवा लांबलेला वीजखंड यांसाठीच्या तयारीच्या याद्या बहुतेक सर्वत्र सारख्याच असतात: विजेरी, पाणी, कोरडे खाणे, औषधे, कागदपत्रे. या याद्या चुकीच्या नाहीत, परंतु त्या मध्यम बांध्याचा माणूस डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या असतात. मदत केंद्रातील घडीची खाट आपले वजन पेलेल का, वाटपाच्या कपड्यांत आपल्या मापाचा एखादा सदरा निघेल का, लिफ्ट बंद असताना दहा मजले उतरणे झेपेल का, हे प्रश्न त्यांत येत नाहीत. जाड माणसाने स्वतःची तयारी याच प्रश्नांपासून सुरू करावी आणि काहीही विकत घेण्याआधी मोजपट्टी हातात घ्यावी.

वजन, उंची, छाती, कंबर, नितंब व दंड यांचे घेर आणि पावलाची रुंदी एका कागदावर लिहून तो कागद औषधांच्या यादीसोबत ठेवावा. वजन खरे लिहावे. संकोचापोटी कमी केलेला आकडा घातक ठरू शकतो, कारण होडी किंवा हेलिकॉप्टरमध्ये एकूण भार पाहूनच माणसे बसवली जातात आणि काही औषधांची मात्राही वजनावर ठरते. त्यानंतर घरातील शिडी, घडीची खुर्ची, खाट, चाकाची खुर्ची आणि कमोड-खुर्ची यांच्यावर छापलेली कमाल भाराची मर्यादा वाचावी व तिची तुलना आपले वजन अधिक हातातील सामान अशा बेरजेशी करावी. मर्यादेच्या अगदी काठावर असलेली वस्तू आणीबाणीसाठी राखून ठेवू नये.

पूरप्रवण भागात राहणाऱ्याने लाइफ जॅकेट स्वतःचे घ्यावे आणि ते अंगावर चढवून, सगळे पट्टे लावून पाहावे. चरबी पाण्यावर तरंगते, त्यामुळे जाड माणसाला तरंगण्यासाठी अधिक मोठा आधार लागतोच असे नाही. मात्र पट्टे छातीभोवती घट्ट बसले नाहीत तर जॅकेट पाण्यात वर सरकते आणि निरुपयोगी होते. मोठ्या जहाजांवरील प्रौढांच्या जॅकेटबाबत आंतरराष्ट्रीय नियम असा आहे की ते १४० किलो वजनाच्या आणि १७५ सेंटिमीटर छातीच्या व्यक्तीला बसावे, किंवा तसे बसवण्यासाठी जोडसाहित्य उपलब्ध असावे. मदतीला आलेल्या छोट्या होडीत अशी सोय असेल असे गृहीत धरू नये. आपले वजन जास्त म्हणून वाहते पाणी आपल्याला हलवू शकणार नाही, ही समजूतही सोडून द्यावी. वेगाने वाहणारे जेमतेम १५ सेंटिमीटर पाणीसुद्धा प्रौढ माणसाला पाडू शकते.

वीज जाण्याचा सर्वांत मोठा प्रश्न स्लीप ॲप्नियामुळे, म्हणजे झोपेत श्वास वारंवार अडण्याच्या विकारामुळे, रात्री सीपॅप यंत्र (मास्कमधून दाबाने हवा देणारे यंत्र) लावून झोपणाऱ्यांपुढे उभा राहतो. बॅटरी घेताना विक्रेत्याच्या ‘रात्रभर चालेल’ या आश्वासनावर न विसंबता हिशेब स्वतः करावा. बॅटरीची क्षमता वॅट-तासांत दिलेली असते. तिला यंत्राच्या प्रत्यक्ष वापराच्या वॅटने भागावे आणि उत्तरातून सुमारे पाचवा हिस्सा गळतीपोटी वजा करावा. उदाहरणार्थ, ३०० वॅट-तासांची बॅटरी आणि ३० वॅटचा वापर असेल तर भागाकार दहा तासांचा येतो, पण भरवसा आठ तासांचाच धरावा. यंत्रातील हवा दमट करणारे पात्र आणि तापणारी नळी हे दोन भाग सर्वाधिक वीज खातात, म्हणून बॅटरीवर ते बंद ठेवावेत. यंत्राला थेट बॅटरीला जोडणारी डीसी पुरवठ्याची तार मिळत असेल तर तीच वापरावी, कारण इन्व्हर्टरमधून वीज नेताना काही वाया जाते. ही सगळी जुळणी वीज असतानाच एका रात्री वापरून पाहावी; तार चुकीची निघाली तर ती तेव्हा बदलता येते. बॅटरी संपल्यास बंद यंत्राचा मास्क तोंडावर ठेवून झोपू नये. डोके आणि छाती उंचावर ठेवून कुशीवर झोपावे, मद्य टाळावे आणि झोपेच्या गोळ्यांविषयी डॉक्टरांचा सल्ला आधीच घेऊन ठेवावा. जनरेटर वापरायचा असेल तर तो घराबाहेर, दारे-खिडक्यांपासून किमान सहा मीटर दूर चालवावा. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो कळत नाही.

विजेबरोबर पंखा आणि वातानुकूलनही जाते. मोठ्या शरीरात उष्णता अधिक निर्माण होते आणि त्वचेवाटे ती बाहेर पडायला वेळ लागतो, त्यामुळे उकाड्याचा त्रास आपल्याला इतरांच्या आधी जाणवू शकतो. मान, काखा व जांघा यांवर ओले कापड ठेवावे, अंग वरचेवर ओले करावे आणि बॅटरीवरचा छोटा पंखा त्या ओल्या अंगावर घ्यावा. हवेचे तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर गेले तर नुसता पंखा अंग थंड करण्याऐवजी तापवतो. पिण्यासाठी व स्वच्छतेसाठी माणशी दिवसाला चार लिटर पाणी साठवण्याचा सल्ला सर्वसाधारणपणे दिला जातो. आपण तो किमान आकडा मानावा. मूत्रल (लघवी वाढवणारी) औषधे चालू असतील तर उकाड्यात त्यांचे काय करायचे, हेही डॉक्टरांना विचारून ठेवावे.

घाम आणि तुटपुंजे पाणी यांचा दुसरा परिणाम त्वचेवर होतो. पोटाखालच्या, स्तनांखालच्या आणि मांड्यांमधल्या घड्या ओल्या राहिल्या की कातडी सोलवटते, बुरशी वाढते आणि दोन दिवसांत चालणे कठीण होते. म्हणून पिशवीत मऊ सुती कापडाचे तुकडे, घासणाऱ्या जागी लावायला पेट्रोलियम जेली, झिंक ऑक्साइडचे मलम, ओले रुमाल (वेट वाइप्स) आणि मांड्या झाकणाऱ्या सुती चड्ड्या असाव्यात. कपड्यांचे निदान तीन पूर्ण जोड, अंतर्वस्त्रे, आपल्या मापाचा रेनकोट आणि पावलाला बसणारे मजबूत बूट हे सामान मी खाण्याच्या पुड्यांपेक्षाही महत्त्वाचे मानेन, कारण खाणे मदत म्हणून मिळते, मोठ्या मापाचा कपडा सहसा मिळत नाही. रक्तदाबाचा विकार असल्यास रक्तदाब मोजण्याच्या यंत्राचा, दंडाच्या घेराला योग्य असा मोठा पट्टाही स्वतःचा ठेवावा. लहान पट्टा लावल्यास रक्तदाब आहे त्याहून जास्त दिसतो.

खाण्यात मात्र काटकसर नको. जाड माणूस चार दिवस अर्धपोटी राहिला तर काय बिघडते, असे कोणी म्हणालेच, तर मधुमेहाच्या अनेक औषधांवर उपाशी राहिल्याने साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते, हे त्याला सांगावे. इन्सुलिन गार राखावे, पण बर्फाला टेकवू नये. एकदा गोठलेले इन्सुलिन वापरता येत नाही.

बाहेर पडण्याचा विचार सर्वांत आधी आणि सर्वांत मोकळेपणाने करावा. २००५ साली कतरीना वादळानंतर अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरामधील एका मोठ्या रुग्णालयात वीज जाऊन लिफ्ट थांबल्या आणि रुग्णांना जिन्यांवरून हातांनी उचलून न्यावे लागले. अशा वेळी जड माणसाला हलवण्यासाठी अधिक हात आणि अधिक वेळ लागतो. त्यामुळे इशारा मिळताच, लिफ्ट व रस्ते चालू असतानाच, निघावे. आपल्या इमारतीचा जिना एकदा सावकाश उतरून किती वेळ लागतो आणि कुठे थांबावे लागते ते पाहावे. उतरताना गुडघ्यांवर ताण येतो, म्हणून काठी आणि गुडघ्याचा पट्टा जवळ असावा. ज्या गाडीतून जायचे तिच्या आसनपट्ट्याला (सीट बेल्टला) लांबी वाढवणारी जोडपट्टी लागत असेल तर त्या गाडीच्या बनावटीचीच घ्यावी.

भूकंपात टेबलाखाली शिरता येत नसेल किंवा खाली बसल्यावर उठता येत नसेल तर त्यासाठी धडपडू नये. खिडकी व कपाट यांपासून दूर, आतल्या भिंतीलगत खुर्चीवर वाकून बसावे व डोके-मान हातांनी झाकावी. अंथरुणात असल्यास तिथेच राहून डोक्यावर उशी घ्यावी.

दोन शेजाऱ्यांना आपली योजना आधी सांगून ठेवावी आणि बचावपथकाला सांगायची वाक्ये पाठ असावीत: माझे वजन इतके आहे, मी आधार घेऊन इतके मजले उतरू शकतो, या गुडघ्यावर भार देऊ नका, दंड धरून ओढू नका, रुंद स्ट्रेचर आणा. दर सहा महिन्यांनी बॅटरी चार्ज करताना मापांचा कागदही काढावा आणि वजन बदलले असेल तर कपडे, बूट व लाइफ जॅकेट पुन्हा अंगावर घालून पाहावे.