बारा तासांच्या गस्तीआधी: मेकाँगमधल्या पीबीआर बोटीची तयारी

अमेरिकन नौदलाने 18 डिसेंबर 1965 रोजी टास्क फोर्स 116 हा नदीगस्तीचा ताफा उभारला आणि पुढच्या वर्षी व्हिएतनामच्या मेकाँग त्रिभुज प्रदेशात पीबीआर (पेट्रोल बोट, रिव्हर, म्हणजे नदीतल्या गस्तीच्या) बोटी कामाला लागल्या. 31-32 फुटांची फायबरग्लासची बोट, चार माणसे, साधारण बारा तासांची पाळी. दोन्ही काठांच्या झाडीतून कधीही गोळीबार होऊ शकतो, तिथे थांबून दुरुस्ती कुठली? जे पाहायचे ते धक्क्यालाच.

सुरुवात बंदुकांपासून करायची नाही, तळाच्या जाळीपासून करायची. या बोटीला प्रोपेलर नाही आणि सुकाणूचे पातेही नाही. दोन डिझेल इंजिने दोन जेट पंप फिरवतात, पंप तळातून पाणी ओढून मागे फेकतात आणि त्या झोताची दिशा फिरवली की बोट वळते. त्यामुळे दोन फूट पाणी तिला पुरते. पण त्याच वाटेने जलपर्णी, दोरांचे तुकडे आणि मासेमारीची जाळीही आत ओढली जातात. इंजिनाचे फेरे चढताहेत आणि वेग मात्र पडतोय, असे दिसले की पंपाचे तोंड तुंबले म्हणून समजावे. मग एकाला पाण्यात उतरून कचरा हातानेच उपसावा लागतो. म्हणून सुरी हाताशी हवी, आणि इंजिन बंद झाल्याशिवाय कोणीही हात घालायचा नाही. इंजिन थंड ठेवणाऱ्या नदीच्या पाण्याची गाळणीही याच वेळी धुवायची. गाळाने ती भरली की तापमानाचा काटा चढू लागतो.

थ्रॉटल आणि झोत उलटा वळवणारी रिव्हर्सची झापे दोन्ही बाजूंना खालीवर करून पाहायची. एक झाप अडकले तर बोट मागे यायच्या ऐवजी गरकन फिरते. नव्या चालकाला आणखी एक गोष्ट बजावायची: झोत थांबला की वळणेही थांबते, म्हणून घाबरून थ्रॉटल मिटायचा नाही.

आता बंदुका. पुढच्या मनोऱ्यात पॉइंट 50 (अर्धा इंच) व्यासाच्या जोड एम2 मशीनगन, मागे एकटी एम2, शिवाय एम60 मशीनगन आणि ग्रेनेड लाँचर. एम2 ची नळी बदलली किंवा बंदूक उघडून जोडली की हेडस्पेस, म्हणजे काडतुसाचे बूड आणि त्यामागचा बोल्ट यांतली फट, तपासलाच पाहिजे: 0.202 इंचाचे गेज (मापपट्टी) आत जायला हवे, 0.206 चे जाता कामा नये. फट जास्त राहिली तर काडतुसाचे कवच फाटते आणि बंदूक चालवणारा जखमी होऊ शकतो. कमी पडली तर बोल्ट नीट बसत नाही. त्यानंतर टायमिंग, म्हणजे घोडा नेमका कधी सुटतो ते: 0.020 च्या गेजवर घोडा सुटावा, 0.116 वर सुटू नये. हे काम अंदाजाने करणारा माणूस बंदुकीवर नको. काडतुसांच्या पट्ट्यातली प्रत्येक कडी ओलसर हवेत गंजते, म्हणून पेट्या उघडून वरचे थर बघायचे.

दारूगोळा जास्त घ्यायचा मोह आवरायला हवा. पेट्या आणि चिलखत वाढले की बोट जड होते, पाण्यावर उचलली जात नाही आणि वेग जातो. इथे जीव वाचवतो तो वेगच. तळात साचलेले पाणीही वजनच, म्हणून उपसा पंप चालवून पाहायचा.

रेडिओ दोन्ही, एकेक करून, नौदलाच्या तळाशी आणि सोबतच्या बोटीशी बोलून तपासायचे. हेलिकॉप्टरची फ्रिक्वेन्सी लिहून चालकासमोर लावायची. रडार सुरू करून पलीकडचा काठ पडद्यावर ओळखीचा दिसतो का ते पाहायचे. भरती-ओहोटीच्या वेळा पाहिल्याशिवाय अरुंद कालव्यात शिरायचे नाही. ओहोटीत पाणी उतरले की काठ उंच होतात, बोट खाली अडकते आणि वरून मारा करणाऱ्याला ती आयतीच सापडते.

सांपान (स्थानिकांच्या लहान होड्या) तपासायच्या तर भोंगा, टॉर्च आणि व्हिएतनामी बोलणारा पोलीस सोबत हवा. बहुतेक सांपानांत भात, कोंबड्या आणि मुलेबाळे असतात. त्यांच्यावर विनाकारण बंदूक रोखून आरडाओरडा करणारा माणूस गस्तीचे नुकसान करतो. सांपान आपल्या बाजूला बोलवायची, पण बांधून घ्यायची नाही, आणि इंजिने चालूच ठेवायची.

रात्री इंजिने बंद करून प्रवाहासोबत वाहत ऐकायचे असते, तेव्हा खडखडणारी प्रत्येक वस्तू आधीच बांधून टाकायची. चिलखती जाकिटे, हेल्मेट, रक्त थांबवायच्या पट्ट्या, मॉर्फिन, पिण्याचे पाणी. भोके बुजवायला लाकडी खुंट्या. आणि ओढायचा दोर मोकळा, गुंता नसलेला, हाताशी ठेवायचा: बोटी नेहमी जोडीने जातात, आणि एकीचे दोन्ही पंप बंद पडले तर दुसरीने तिला माऱ्यातून ओढून काढायचे असते.