गोळी कुटण्याआधी पाकीट वाचा
आजीला गोळी गिळवत नाही, म्हणून खलबत्त्यात कुटून मधातून द्यायची सवय पुष्कळ घरांत असते. पण नावापुढे एसआर, ईआर किंवा एक्सआर लिहिलेले असेल तर हात आवरा. अशी गोळी औषध तासन्‌तास, थोडे थोडे सोडते. मधुमेहावरची मेटफॉर्मिन एसआर घ्या. ती बहुधा पोटात फुगून मऊ होते आणि त्यातून औषध हळूहळू झिरपते. कुटली, की दिवसभराचा डोस एकदम अंगात उतरतो. (रिकामे टरफल कधी कधी शौचात दिसते. गोळी तशीच पडली असे समजून दुसरी देऊ नका. औषध आधीच रक्तात गेलेले असते.)

आम्लपित्तावरच्या पॅन्टोप्राझोल गोळीचे उलट. तिचे आवरण औषधाला जठरातल्या आम्लापासून वाचवते. ते फुटले तर औषध आतड्यात पोचण्याआधीच वाया जाते.

मधली रेघ असेल तर गोळी सहसा अर्धी करता येते, पण कुटायला ती परवानगी नव्हे. गिळणे जमतच नसेल तर सिरप किंवा पाण्यात विरघळणारी गोळी मिळेल का, हे डॉक्टरांना किंवा केमिस्टला विचारा. बरेचदा मिळते.